प्रकरण चौथे: निरीक्षणे

मंगळवार, दुपारचे सव्वातीन.
क्रमांक सात पाटी मांडीवर घेतो
आणि अक्षराआधी रेघ ओढतो,
पाटीच्या पार कडेपर्यंत.
मी म्हणते, आधी अक्षर, मग रेघ.
तो म्हणतो, आधी दोरी बांधायची ना,
मग कपडे.

त्याचं नाव लिहायचं नाही, नियम आहे.
संमतीपत्रावर त्याच्या आईची सही आहे
आणि सहीखाली हळदीचं बोट.

सकाळी शाळेत त्याला गुजराती.
ग, म, न, त सगळे तिथे असतात,
पण उघड्या डोक्याने.
घरी बापाच्या हट्टाने मराठी,
की तेच चौघे पुन्हा दोरीवर.
"ते तेच आहेत का?" त्याने विचारलं.
मी संदर्भसूची चाळली.
साठ नोंदी,
एकीनेही बडोदं पाहिलेलं नव्हतं.

पारुलबेननी 'दोरी'भोवती लाल गोल केला:
शास्त्रीय शब्द वापरा, बेन.
शिरोरेखा, मी लिहिलं.
वाक्य बरोबर झालं
आणि पोरगा त्यातून निघून गेला.

त्रेचाळिसाव्या वर्षी एम.एड., तेही विशेष शिक्षणात.
जाऊबाई म्हणाल्या, विशेष म्हणजे पगार का गं?
टेबलाच्या एका टोकाला मुलीची बारावी,
दुसऱ्या टोकाला माझं तिसरं सत्र.
ती मला टी-टेस्ट शिकवते,
मी तिला कॉफी करून देते.
कृती-विश्लेषण: हात धुणे, पायऱ्या अकरा.
मोरीत उभी राहून मोजल्या,
माझ्या चौदा भरल्या.
मी अंगठी काढते, ठेवते,
मग शोधते.

दिगू माझ्याहून वर्षाने मोठा,
पण तिसरीत आम्ही एका वर्गात होतो.
तो स्वतःचं नाव दिगंवर लिहायचा.
ब च्या पोटातली तिरकी रेघ
त्याच्या हातून दर वेळी सांडायची,
आणि सांडलेल्या प्रत्येक रेघेला
एक पट्टी, उलट्या हातावर.
पट्टी शेजारच्या वर्गातून आणावी लागे.
आणायला पाठवायचे ते पहिल्या नंबराच्या मुलीला.
मी पळत जायचे.
पळतच यायचे.

हे कुठल्या प्रकरणात बसतं, मला माहीत नाही.

आता मकरपुऱ्यात त्याचं टायरचं दुकान आहे.
दिवे गेले तरी हाताने चाचपून सांगतो,
हा सतराचा नट, हा एकोणीसचा.
फीचे पैसे त्याने ब्रेडच्या कागदात गुंडाळून दिले,
नोटांना ग्रीसचा वास.
कसला कोर्स, त्याने विचारलं.
म्हटलं, ज्यांना अक्षरं नीट लागत नाहीत, त्यांच्यासाठी.
"चष्म्याचा?"
हो, म्हटलं. तसाच काहीसा.

तोंडी परीक्षा जानेवारीत.
उत्तरायण तोंडावर आलेलं, माझी अॅक्टिव्हा बंद पडलेली,
म्हणून दिगूच्या टेम्पोतून गेले.
विश्वामित्रीच्या पुलावर त्याने वेग कमी केला.
खाली चिखलात मगर ऊन खात पडली होती,
जबडा उघडा, कुणाकडेही न बघता.
"ही बघ, हिला काही विचारत नाहीत," तो म्हणाला.

परीक्षक सुरतेहून आलेले.
चष्मा पुसत म्हणाले, नमुना फक्त नऊ मुलांचा?
नऊच, सर.
याहून जास्त मिळाली नाहीत?
खिडकीबाहेर, फाटकापाशी,
कुणीतरी दोनदा हॉर्न वाजवला.
मी म्हटलं, एक होता, सर.
वयाच्या निकषात बसला नाही.

बाहेर आले तेव्हा तो टपरीवर
दोन कटिंग सांगून उभा.
"पास?"
आज नाही सांगत रे, पत्र येतं महिन्याने.
त्याने बशीत चहा ओतला, फुंकर घातली.
"बरं आहे," म्हणाला.
"मला तर तिथल्या तिथे सांगायचे."